पाचशे एक्कावन्न कलश

“अगं, हाताने थोडंच करायचंय? बटण तर दाबायचंय!”

हे वाक्य त्या सकाळी चौथ्यांदा म्हटलं गेलं. पहिल्यांदा सासऱ्यांनी म्हटलं, मग नवऱ्याने, मग शिरपूरहून फोनवर नणंदेने. आता सासरे दीपचंदजी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले होते.

विधीने गॅस बारीक केला. “पप्पाजी, एका कलशाला चार मिनिटं लागतात. पाचशे एक्कावन्न कलश. सदतीस तास होतात.”

“मग चार-चार एकावर एक ठेवून काप.” दीपचंदजींनी धुळ्याच्या आग्रा रोडवर चाळीस वर्षं कापड कापलं होतं. एकावर एक ठेवून कापता येत नाही अशी वस्तू त्यांच्या पाहण्यात नव्हती.

“ती कात्री नाही, लेझर आहे.”

“तर मग त्याची पॉवर वाढव.”

“पेटेल.”

“पेटणारं मशीन घरात आणलंच कशाला?”

यावर अखिलने, म्हणजे विधीच्या नवऱ्याने, वर्तमानपत्राचं पान उलटलं. घरातल्या भांडणात तटस्थ राहायची त्याची ही पद्धत होती. त्यात तो इतका तयार झाला होता, की अकरा वर्षांत त्याचं एकही पान फाटलं नव्हतं.

माळ ओढत बसलेल्या सासूबाई शेवटी बोलल्या. धनकुंवरबाईंना घरात सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. आज त्यांचा उपवासाचा दिवस होता. जैनांमध्ये करतात ते वर्षीतप त्यांचं चालू होतं. एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, उपवासाच्या दिवशी फक्त उकळलेलं पाणी, असे तेरा महिने होत आले होते. अकरा दिवसांनी आखातीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने पारणं होतं. पारण्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी भेट द्यायची, तिला प्रभावना म्हणतात. लोक स्टीलच्या वाट्या देतात, डबे देतात.

“मी स्थानकात प्रवचनाला सगळ्यांना सांगून बसलेय,” बाई म्हणाल्या, “की आमच्याकडे या वेळी प्रभावना विकत आणायची नाही. माझी सून घरी करणार आहे. ती कलाकार आहे.”

झालं. तेरा महिने अर्धपोटी राहिलेल्या बाईसमोर आपल्या सदतीस तासांचं रडगाणं कोण गाणार? त्यात ‘कलाकार’ हा शब्द या घरात विधीसाठी पहिल्यांदाच वापरला गेला होता. तो ऐकायची तिची केव्हापासूनची इच्छा होती. तो असा, पाचशे एक्कावन्न कलशांच्या बदल्यात मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

“करते,” ती म्हणाली. “पण आधी माझ्या चौकटी.”

“कर की,” दीपचंदजी उदारपणे म्हणाले. “तुझ्या कामाच्या आड कोण येतंय?”

विधीचं माहेर पाचोऱ्याचं. जळगावला चित्रकला शिकली. लग्नासाठी जो बायोडाटा छापला, त्यात ही चार वर्षं ‘छंद’ या सदरात बसवली होती. अलीकडे मेंदी, पलीकडे बेकिंग आणि मध्ये ड्रॉइंग. धुळ्यात गल्ली नंबर पाचमध्ये आल्यावर तिच्या शिक्षणाचा भरपूर उपयोग करून घेण्यात आला, असं सासरचे लोक आजही अभिमानाने सांगतात. दिवाळीची रांगोळी ती काढी. दुकानाच्या काचेवर ‘सेल’ ती लिही. समाजात कुणाचं लग्न निघालं की वरमाला धरायच्या ताटावर मोर काढायला तिलाच बोलावत. मुलगा मोठा झाला, शिरपूरला आत्याच्या देखरेखीखाली होस्टेलवर गेला, आणि एक दिवस विधीने मागच्या बोळातली गोदामाची खोली मागितली. “कशाला?” म्हणून विचारलं तर म्हणाली, “स्टुडिओला.” अखिलला वाटलं, फोटो स्टुडिओ.

मग त्या खोलीत लेझर कटिंगचं मशीन आलं. चार फूट बाय तीन फूट, झाकण असलेलं, मोठ्या डीप फ्रीजसारखं. कॉम्प्युटरवर रेष काढायची, आत कागद किंवा लाकूड ठेवायचं, आणि लेझरचा किरण त्या रेषेवरून फिरून ते कापतो. मशीनच्या झाकणावर बाईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि नारळ ठेवला. महिनाभरात सगळ्या गल्लीला समजलं, की अखिलच्या बायकोकडे एक यंत्र आहे आणि ते फुकट आहे. नावाच्या पाट्या, ‘बेबी शॉवर’ची अक्षरं, साखरपुड्याच्या केकवर खोचायचे नवरा-नवरी. “तुला काय, बटण तर दाबायचंय,” असं म्हणत लोक पेन ड्राइव्ह ठेवून जात आणि संध्याकाळी न्यायला येत.

बाईंना मशीनबद्दल वेगळी अडचण होती. दिवेलागणीनंतर त्या उजेडाकडे किडे-पाखरं येत आणि धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्यात सापडत. हे खरंच होतं, विधीनेही पाहिलं होतं. म्हणून नियम झाला, की सूर्यास्तानंतर मशीन बंद. पुढे त्यात पंचमी, आठम आणि चौदस या पाळायच्या तिथीही आल्या. मशीनशेजारच्या भिंतीवर पंचांग लागलं. आपल्या स्टुडिओच्या वेळा सूर्य आणि चंद्र ठरवतात, हे विधी बाहेरच्या कलाकारांना हसत हसत सांगायची. त्यांना ते फार काव्यमय वाटायचं. त्यांना पाट्या कापायच्या नसत.

आता विधीही काही कमी नव्हती. माळ्यावर तिला पत्र्याच्या जुन्या पट्ट्या सापडल्या होत्या. अखिलच्या पणजोबांची जिनिंग-प्रेस होती, तेव्हा कापसाच्या गाठींवर शाईने छाप मारायच्या कापीव अक्षरांच्या पट्ट्या. दीपचंदजी त्या भंगारात घालायला निघाले होते. विधीने त्या स्कॅन केल्या आणि केळीच्या सोपटापासून बनवलेल्या कागदाच्या चाळीस-चाळीस थरांत कापल्या, प्रत्येक थरात छाप थोडा लहान, शेवटच्या थरात सुईएवढं भोक. अशा बारा चौकटी करायच्या होत्या. या मालिकेला तिने नाव दिलं होतं, ‘अनुपस्थितीचा भूगोल’.

“म्हणजे काय?” दीपचंदजींनी विचारलं होतं.

“जे आता नाहीये त्याचा नकाशा, पप्पाजी.”

“जे नाहीच, त्याला नकाशा कशाला लागतो?”

विधीने पुढचं शीट मशीनमध्ये सरकवलं. पण पुण्याच्या एका गॅलरीला चौकटी आवडल्या होत्या. तिघांच्या प्रदर्शनात एक पूर्ण भिंत विधीला मिळणार होती. धुळे-जळगावच्या बाहेर तिचं काम पहिल्यांदाच जाणार होतं. गॅलरीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की भिंत बारांची आहे, बारा नसतील तर पुढच्या वर्षी बघू. ‘पुढच्या वर्षी बघू’चा अर्थ कापडवाल्याच्या सुनेला समजावून सांगावा लागत नाही. आखातीजच्या आदल्या संध्याकाळी बाराही चौकटी पुण्याच्या गाडीत चढायला हव्या होत्या. कलशांचं बोलणं झालं त्या सकाळी सातच चौकटी झाल्या होत्या.

उरलेल्या पाचांसाठी बटण किती वेळा दाबावं लागतं हे कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. केळीचा कागद एका शीटमध्येच कुठे जाड असतो, कुठे विरळ. प्रत्येक शीट खिडकीशी धरायचं, जाड जागेवर पेन्सिलीने खूण करायची, तिथे किरणाचा वेग कमी करायचा, विरळ जागी वाढवायचा. चुकलं तर अक्षराची कड जळून काळी पडते, मग ते शीट फेकून दुसरं. एका चौकटीला चाळीस शीटं. रोज सकाळी स्वयंपाक आटपून ती मागच्या खोलीत जायची आणि पंचांगात छापलेल्या सूर्यास्ताला बाहेर यायची. मधल्या वेळात तिने प्रभावनेचं चित्रही करून ठेवलं: कलश, दोन बाजूंना उसाची कांडकी, खाली ‘धनकुंवरबाई, वर्षीतप पारणा’. बाईंना ते दाखवलं. बाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “नाव थोडं मोठं कर.”

चौदसच्या दिवशी नऊ चौकटी तयार होत्या. तीन उरल्या होत्या आणि कागद संपला होता. चौदसला मशीन बंदच असतं, म्हणून विधी तो दिवस साधून फैजपूरला कागद आणायला गेली. जाताना तिने अखिलला दोनदा सांगितलं, की कलशांना मी उद्यापासून दुपारचे तीन-तीन तास देते, होतील तेवढे होतील, तू हात लावू नकोस.

संध्याकाळी पाचला ती रिक्षातून उतरली, तर धुणंभांडी करणाऱ्या कुंदाबाई पदर नाकाला लावून ओट्यावर बसलेल्या.

“वहिनी, मांगनी खोलीमा जाऊ नका. बठ्ठा धूर शे. मना डोया चुरचुर करी ऱ्हायनात.”

“कसला धूर? आज चौदस आहे.”

“दादा म्हने, धरमनं काम शे.”

विधी आत गेली. खोलीत पोहण्याच्या तलावासारखा, पण घसा खरवडणारा वास होता. अखिल दारात उभा होता, दीपचंदजी स्टुलावर बसले होते, आणि टेबलावर पांढऱ्या कलशांच्या चळती होत्या. कडा तपकिरी आणि वितळलेल्या. ‘धनकुंवरबाई’तल्या अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या बुजून गेल्या होत्या.

“एकशे बारा झाले,” अखिल म्हणाला. “मग ते आपोआप बंद पडलं. तुला सरप्राइज द्यायचं होतं.”

विधीने एक कलश उचलून वाकवला. लाकूड नव्हतं. “हे काय आहे?”

“श्रेयांसने पाठवलंय,” दीपचंदजी म्हणाले. श्रेयांस म्हणजे शिरपूरचे जावई, नणंद चेलनाचे यजमान. त्यांचा होर्डिंग आणि बोर्डांचा धंदा. “तू लाकडाची शीट सांगितली होतीस ना, त्यापेक्षा हे हलकं, पांढरंशुभ्र. माल तोच.”

“हे सनबोर्ड आहे. पीव्हीसी. दारावर लिहून लावलंय मी, पीव्हीसी आत घालायचं नाही. ते जळलं की त्याचा विषारी वायू होतो. माणसालाही आणि मशीनलाही.”

“मी वाचलं होतं,” अखिल म्हणाला. तो प्रामाणिक होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. “वाचून पप्पांना विचारलंसुद्धा. पप्पा म्हणाले, जावईबापूंनी पाठवलंय म्हणजे बघूनच पाठवलं असेल.”

विधीने झाकण उघडलं. ज्या दांड्यांवरून किरणाचं डोकं सरकतं त्या कालपर्यंत आरशासारख्या होत्या, आज त्यांच्यावर तांबूस गंज चढला होता. भिंग दुधाळ झालं होतं. तिने मशीनवाल्याला नाशिकला फोन लावला. त्याने फोटो मागवले, पाहिले आणि दोनच गोष्टी सांगितल्या: भिंग आणि दांड्या बदलाव्या लागतील, आणि मी आखातीजनंतरच येऊ शकेन.

मग दीपचंदजी उठून गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि तिने जळगावला हेमांगीला फोन केला. हेमांगी तिची कॉलेजची मैत्रीण. मेहरूणला पत्र्याच्या शेडमध्ये तिचंही असंच मशीन होतं, त्यावर ती शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या ट्रॉफ्या कापायची आणि त्याला बिनदिक्कत धंदा म्हणायची. ती म्हणाली, “ये. सध्या सीझन नाही. रात्रभर चालव. माझ्याकडे तिथी विचारायला कुणी नाही.”

या घरात सूर्यास्ताच्या आत जेवतात. सव्वासहाला सगळे पाटावर होते. बाईंना चौदसचा उपवास होता, त्या पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीशी बसल्या होत्या. चेलना शिरपूरहून दुपारीच येऊन पोहोचली होती, पारण्याच्या तयारीला. ती येताना सोबत एक गोष्ट घेऊन आली होती: यात तिच्या नवऱ्याची काही चूक नाही.

“भाभी, यांच्याकडे तर रोज हेच सनबोर्ड कापतात,” ती म्हणाली. “काहीच होत नाही.”

“ते रूटरवर कापतात, दीदी. फिरणाऱ्या पात्याने. माझं लेझर आहे, ते जाळून कापतं.”

“कापणं ते कापणंच ना शेवटी?”

“जावईबापूंना मात्र कुणी काही बोलायचं नाही,” दीपचंदजींनी आधीच बजावलं. “त्यांनी आपल्या हौसेने पाठवलं.”

“मी कुठे काय बोलले?”

“बोलली नाहीस. पण तुझा चेहरा.”

चेहऱ्याचा विषय निघाल्यावर सगळ्यांना जरा मोकळं वाटलं. जावयाच्या मालात खोट काढता येत नव्हती. पप्पांच्या शब्दात काढता येत नव्हती. अखिलने तर सरप्राइजच दिलं होतं. मग खोट राहिली कुणात? आमटी संपेपर्यंत त्यावर एकमत झालं. मशीन मुळातच नाजूक होतं, आणि ज्या मशीनला इतकी पथ्यं असतात, ते उघडं ठेवून फैजपूरला जायला नको होतं.

“मी आज चौदस म्हणून गेले,” विधी म्हणाली. “चौदसला मशीन चालवायचं नाही, हा नियम आहे.”

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

“ते तुझ्या कामाला,” बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण खंबीर. “हे धर्माचं काम होतं.”

“किडे धर्माच्या कामात मरत नाहीत, बाई?”

अखिलने सवयीने वर्तमानपत्राकडे हात नेला, पण जेवताना ते जवळ नव्हतं. चेलना पोळीचा तुकडा हातात धरून थांबली. बाईंनी तांब्या खाली ठेवला. त्यांना राग आला असावा. पण त्या पाण्याकडेच पाहत राहिल्या. प्रश्न त्यांना बहुधा बरोबर वाटला असावा, आणि तेरा महिन्यांच्या तपाला शेवटच्या चार दिवसांत असा प्रश्न परवडत नाही.

“असं कर,” दीपचंदजींनी सूत्रं हातात घेतली. बाजारात खराब माल कसा खपवायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. “हे एकशे बारा आहेत ना, ते लांबून छानच दिसतात. कडांना सोनेरी रंग लाव. बाकीच्यांचं नाशिकहून माणूस आला की बघू. तुझ्या त्या चौकटी नऊ झाल्यात. नऊ काय कमी आहेत? त्या गॅलरीच्या बाईंना मी फोन करतो. व्यवहारात तीन नगांनी कुणी अडून बसत नाही.”

“पप्पा बरोबर बोलतायत,” अखिल म्हणाला. “पुढच्या वेळी बारा दे.”

“आणि भाभी, खरं सांगू?” चेलना जवळ सरकली. “तुझी कला कुठे पळून जातेय? मशीनच तर करतं. आईचं पारणं मात्र एकदाच आहे.”

विधीने ताटातला शेवटचा घास खाल्ला, ताट धुऊन ते पाणी प्यायलं, जैनांच्या घरात पितात तसं, आणि ताट पुसून ठेवलं. मग ती बाईंसमोर बसली. बाईंच्या पायांवर उपवासांनी आलेली सूज होती. सकाळी तिनेच तेल लावून दिलं होतं.

“तुमच्या नावाची अक्षरं बुजली त्याचं मला वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “ते चित्र मी मनापासून केलं होतं.”

बाईंनी मान हलवली. “चांगलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं.”

“माहितीये.”

अकरा वर्षांत त्यांच्यात एवढं सरळ बोलणं झालं नव्हतं. पण त्यामुळे काही बदलेल अशी दोघींपैकी कुणाचीच समजूत नव्हती. चेलनाने तेवढ्यात सोनेरी रंग कोणत्या कंपनीचा चांगला, ते विचारलं.

विधी उभी राहिली. पंचांगातल्या सूर्यास्ताला दहा मिनिटं उरली होती. तिने पदराला हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण भाजीवाल्याला बोलावतो त्याहून जास्त नसलेल्या आवाजात सांगितलं:

“मी उद्या सकाळी सहाच्या एसटीने जळगावला जातेय. तीन चौकटी तिथे करीन आणि बाराही तिथूनच पुण्याला पाठवीन. नऊ मी आताच बांधून ठेवल्यात, त्यांना कुणी सोनेरी रंग लावायचा नाही. आखातीजच्या सकाळी आठला इथे असेन, बाईंना रस मी पाजीन. दुसऱ्या दिवशी परत जाईन. मशीन दुरुस्त झालं की तेही मेहरूणला हेमांगीच्या शेडमध्ये जाईल, तिच्याशी आणि टेम्पोवाल्याशी मी बोलले आहे. यापुढे आठवड्यातले चार दिवस मी तिथे, तीन दिवस इथे. प्रभावनेला स्टीलच्या वाट्या आणा. पोळ्यांचं कुंदाबाईंना सांगितलंय.”